ग्रंथपालाचे नवे शिक्षण आणि आपण

(संस्थेच्या वार्षिक भीमजयंती समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)





संयोजकांनी आम्हांस नेहमीप्रमाणे आरोग्यावर बोलावे असे सुचविले होते. परंतु मधुमेह आणि रक्तदाब या विषयांवर आम्ही याच विचारपीठावरून पुष्कळ बोललो आहोत आणि त्यामुळे आपल्या भोजनातील गुलाबजाम कमी झाल्याचे काही दिसून आलेले नाही. म्हणून आज आम्ही वेगळा विषय निवडला आहे. महाजालावरची नवी सामाजिक साधने या देशातील ग्रंथपालांनी कशी शिकून घेतली आणि त्यांच्या त्या शिक्षणापासून आपल्या घरांनी व आपल्या संस्थेने काय घ्यावे, हा तो विषय होय.

वैद्यकाने ग्रंथपालाविषयी का बोलावे, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. त्याचे उत्तर असे की, वैद्यक हा ग्रंथपालाचा जन्माचा ऋणी असतो. आम्ही महाराष्ट्रात वैद्यकीय शिक्षण घेत होतो तेव्हा एखाद्या रोगावर जगात काय लिहिले गेले आहे हे पाहावयाचे तर ‘इंडेक्स मेडिकस’चे जाडजूड खंड एकामागून एक चाळावे लागत. हा सूचिग्रंथ १८७९ साली अमेरिकेत सुरू झाला आणि २००४ साली त्याची छपाई थांबली. दरम्यान १९९७ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाने ‘पबमेड’ ही संगणकीय सूची साऱ्या जगास विनामूल्य खुली केली. नागपूरचा विद्यार्थी आणि न्यूयॉर्कचा प्राध्यापक या सूचीपुढे समान पातळीवर आले. ही समता कोणा राजकीय पुढाऱ्याच्या भाषणाने आली नाही. ती लेखांस विषयशीर्षके लावीत वर्षानुवर्षे बसलेल्या ग्रंथपालांच्या श्रमातून आली. असे श्रम दिसत नाहीत, म्हणून त्यांची आठवण मुद्दाम करावी लागते.

आपल्या समाजाचे ग्रंथालयाशी असलेले नाते तर याहून खोल आहे. बाबासाहेब १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तेथील ग्रंथालय, लंडनमधील ब्रिटिश म्युझियमचे वाचनालय आणि दादरच्या ‘राजगृहा’तील त्यांचा ग्रंथसंग्रह, या कथा आपल्या मुलांनाही पाठ आहेत. त्या आम्ही पुन्हा सांगत नाही. मात्र एक योगायोग फारसा सांगितला जात नाही, तो सांगतो. ज्या सयाजीराव गायकवाड महाराजांनी बाबासाहेबांना शिष्यवृत्ती देऊन अमेरिकेस पाठविले, त्याच महाराजांनी १९१० साली विल्यम बॉर्डन नावाच्या एका अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास बोलावून घेतले होते. बॉर्डन यांनी तीन वर्षांत बडोदे संस्थानात मोफत सार्वजनिक वाचनालयांची व्यवस्था उभी केली. पुस्तकांनी भरलेल्या पेट्या गावोगाव फिरू लागल्या. १९१३ साली बॉर्डन यांचे बडोद्यातील काम संपले आणि त्याच वर्षी बडोद्याचा विद्यार्थी न्यूयॉर्कच्या बंदरात उतरला. पुढे चार वर्षांनी, १९१७ साली, हाच विद्यार्थी मोठमोठ्या पदव्या घेऊन बडोद्यास नोकरीवर रुजू झाला, तेव्हा त्या शहरात त्याला जातीमुळे राहावयास जागा मिळेना. पुस्तकांच्या पेट्या गावागावांत पोहोचल्या होत्या, परंतु माणसाला दार उघडलेले नव्हते. ग्रंथालय हे केवळ पुस्तकांनी पुरे होत नाही. ते कोणासाठी उघडे आहे यावर त्याची किंमत ठरते, हा धडा आपणांस तेव्हापासून मिळालेला आहे.

त्याच वर्षीची आणखी एक घटना. परदेशात असताना उपाशी राहून, एकेक पैसा वाचवून बाबासाहेबांनी जमविलेली पुस्तके वेगळ्या जहाजाने येत होती. महायुद्धाचे दिवस होते. ते जहाज शत्रूच्या माऱ्यात बुडाले आणि पुस्तके समुद्राच्या तळाशी गेली. या घटनेकडे आम्ही पुढे परत येणार आहोत, म्हणून ती ध्यानात असू द्यावी.

आता मुख्य विषयाकडे वळू.

डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत मांडले. त्यांतील पाचवा सिद्धांत ग्रंथालयाला वाढत जाणारा सजीव मानतो. सजीवाला वाढावयाचे तर बदलावे लागते. विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत ग्रंथपालाचे स्थान पक्के होते. पुस्तके त्याच्या पाठीशी, वाचक त्याच्या पुढे आणि मध्ये मेज. महाजाल आले तरी आरंभी त्यात विशेष फरक पडला नाही, कारण तेथेही थोड्यांनी लिहावे आणि बाकीच्यांनी वाचावे असाच प्रकार होता. २००४-०५ च्या सुमारास मात्र चित्र पालटले. वाचक स्वतः लिहू लागला, आपली छायाचित्रे चारचौघांत मांडू लागला, पुस्तकांना आपल्या मनाप्रमाणे खूणशब्द लावू लागला, इतरांच्या लिखाणात भर घालू लागला. मेजापलीकडला माणूस मेजाच्या अलीकडे आला. ग्रंथालयात तीस तीस वर्षे सेवा केलेल्या माणसांना या गोष्टींची नावेसुद्धा अपरिचित होती, आणि वाचक तर रोज त्यांच्याविषयी विचारू लागले होते.

अशा वेळी नॉर्थ कॅरोलायना राज्यातील शार्लट आणि मेक्लेनबर्ग परगण्याच्या सार्वजनिक ग्रंथालयाने २००६ सालच्या ऑगस्ट महिन्यात एक उपक्रम सुरू केला. ग्रंथालयाच्या तंत्रविभागप्रमुख हेलीन ब्लॉवर्स यांनी तो आखला होता. स्टीफन एब्रम नावाच्या कॅनेडियन ग्रंथपालाने आपल्या व्यवसायबंधूंसाठी शिकण्याजोग्या त्रेचाळीस गोष्टींची एक यादी लिहिली होती. तीवरून ब्लॉवर्स यांना ही कल्पना सुचली. त्यांनी तेवीस लहान लहान गोष्टी निवडल्या आणि त्यांची नऊ आठवड्यांत वाटणी केली. एका आठवड्यात छायाचित्रे महाजालावर ठेवून त्यांना खूणशब्द लावणे, दुसऱ्या आठवड्यात निवडक बातम्या आपोआप आपल्यापाशी येतील अशी सोय करणे, पुढे घरच्या पुस्तकांची यादी ‘लायब्ररीथिंग’वर नोंदविणे, अनेकांनी मिळून लिहावयाच्या विकीत एखादी ओळ घालणे, ध्वनिमुद्रित कार्यक्रम शोधणे, असा तो क्रम होता. आणि प्रत्येक गोष्ट करून झाली की आपल्याला काय जमले, काय जमले नाही, हे प्रत्येकाने आपल्या टिपणवहीत लिहावयाचे. ही टिपणवहीदेखील महाजालावरच.

या उपक्रमातील चार गोष्टी आम्हांस विशेष वाटतात. पहिली अशी की, वर्ग नव्हता आणि शिक्षकही नव्हता. प्रत्येकाने स्वतः करून पाहावयाचे आणि अडले तर शेजारच्या मेजावरील सहकाऱ्याला विचारावयाचे. दुसरी अशी की, टिपणे टोपणनावाने लिहिण्याची मुभा होती. त्यामुळे चुकण्याची लाज गेली. तिसरी अशी की, हा अभ्यास कामाच्या वेळातच करावयाचा होता. शिकणे हा कामाचाच भाग मानला गेला. जे पुरे करतील त्यांना गाणी ऐकण्याचे एक छोटे एमपी-थ्री यंत्र बक्षीस होते. माणूस कितीही ज्येष्ठ असला तरी खाऊ लागतोच! आणि चौथी, सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, ब्लॉवर्स यांनी हा सारा अभ्यासक्रम कोणीही घ्यावा, आपल्या गरजेप्रमाणे बदलावा, अशी परवानगी देऊन टाकली. मेलबर्नजवळच्या यारा प्लेंटी ग्रंथालयाने तो लगोलग उचलला. पुढे तो देशोदेशी गेला. २०१० साली केंब्रिज आणि ऑक्सफर्डच्या ग्रंथपालांनीही आपापले ‘तेवीस’ आखले. ज्ञान वाटल्याने वाढते हे आपण सुभाषितात ऐकतो. येथे ते प्रत्यक्ष घडले.

आम्ही ज्या रुग्णालयात त्या काळी काम करीत होतो तेथील ग्रंथपाल बाई निवृत्तीच्या उंबरठ्यावर होत्या. त्यांनीही असाच एक अभ्यासक्रम पुरा केला. आरंभी त्या म्हणत, एवढ्या वयात हे कशाला? पुढे त्याच एके दिवशी आम्हां डॉक्टरांच्या खोलीत आल्या आणि ज्याच्या त्याच्या विषयावरील नवे लेख रोज सकाळी आपोआप संगणकावर कसे येतील हे त्यांनी एकेकाला बसवून शिकविले. त्यासाठी त्या ‘गूगल रीडर’ हे साधन वापरीत. २०१३ सालच्या जुलैमध्ये कंपनीने ते बंद केले. आम्हांला वाटले, बाईंचे श्रम वाया गेले. त्यांना तसे वाटले नाही. दोन दिवसांत त्यांनी दुसरे साधन शोधले आणि आम्हां सर्वांच्या याद्या त्यात नेऊन ठेवल्या. साधन गेले, परंतु कोणास काय हवे आहे आणि ते कोठून आणावयाचे याची जाण त्यांच्याजवळ होती. नव्या साधनात ती जाणच उपयोगी पडली.

येथे त्या बुडालेल्या जहाजाची आठवण करावी. आपल्यापैकी अनेकांनी या देशात आल्यावर ‘याहू ग्रुप्स’वर मंडळे स्थापन केली होती. जयंतीची आमंत्रणे, खैरलांजीच्या हत्याकांडानंतर २००६ साली झालेला संतप्त पत्रव्यवहार, नव्याने आलेल्या विद्यार्थ्याला खोली शोधून देण्याचे निरोप, धम्मावरील वादविवाद, हे सारे तेथे होते. परदेशातील आंबेडकरी चळवळीचा तो एक इतिहासच होता. २०१९ च्या अखेरीस कंपनीने जुना मजकूर काढून टाकण्याचे जाहीर केले आणि १५ डिसेंबर २०२० रोजी ते दालन कायमचे बंद झाले. ज्यांनी प्रती काढून ठेवल्या त्यांच्यापाशी त्या राहिल्या, बाकीचे गेले. १९१७ साली पुस्तके शत्रूच्या माऱ्याने बुडाली. या खेपेस शत्रू कोणीच नव्हता. दुसऱ्याच्या घरात आपली पेटी ठेवली होती आणि घरमालकाने घर मोडले, इतकेच. ग्रंथपाल लोक म्हणतात की, ज्याच्या प्रती अनेक आणि अनेक ठिकाणी, तेच टिकते. हे वाक्य प्रत्येक संस्थेने आपल्या कार्यालयात लावून ठेवण्याजोगे आहे.

आता या साधनांची खरी शक्ती कशात आहे ते एका उदाहरणाने सांगतो. १६ जानेवारी २००८ रोजी अमेरिकेच्या ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’ने आपल्या संग्रहातील सुमारे तीन हजार जुनी छायाचित्रे ‘फ्लिकर’ या संकेतस्थळावर ठेवली आणि लोकांना विनंती केली की, यांतील माणसे, स्थळे, प्रसंग ओळखता आले तर आम्हांस सांगावे. एवढे मोठे ग्रंथालय, परंतु आपल्याला ठाऊक नाही हे सांगण्यात त्याला कमीपणा वाटला नाही. लोकांनी सांगितले. कोणी चौक ओळखला, कोणी पहिलवान ओळखला, कोणी वर्तमानपत्रातील जुनी बातमी शोधून तारीख पुरविली. ग्रंथपालांनी प्रत्येक माहिती पडताळून पाहिली आणि खरी ठरली तेथे आपल्या नोंदी सुधारल्या. अशा शेकडो नोंदी सुधारल्या गेल्या. येथे ग्रंथपालाची सत्ता कमी झाली नाही. तिचे स्वरूप बदलले. पूर्वी तो सांगत असे आणि लोक ऐकत. आता लोक सांगतात आणि तो तपासतो.

बंधु-भगिनींनो, आपल्या घरोघरी अशी छायाचित्रे आहेत. १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या दीक्षा समारंभाची आहेत, गावातील पहिल्या बुद्धविहाराची आहेत, वसतिगृहाची आहेत. त्यांत व्यासपीठावरच्या चार पुरुषांची नावे मागे लिहिलेली असतात. समोर बसलेल्या पांढऱ्या लुगड्यातील स्त्रियांची नसतात. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी १९८९ साली ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. चळवळीतील स्त्रियांना शोधून, त्यांच्या मुलाखती घेऊन त्यांनी त्यांची नावे इतिहासात आणली. त्यांच्यापाशी ही नवी साधने नव्हती. त्यांना दारोदार हिंडावे लागले. आज एक छायाचित्र नागपूर, लंडन, दुबई आणि न्यू जर्सी येथील दहा घरांत एकाच वेळी दाखविता येते आणि ‘ही माझी आजी’ असे कोणी तरी म्हणू शकते. मात्र जी आजी हे सांगू शकते ती ऐंशी-नव्वद वर्षांची आहे. एक वैद्यक म्हणून आम्ही हे स्पष्टच सांगतो की, या कामास आपल्यापाशी फार वर्षे नाहीत.

पण नाव सांगण्याला दुसरीही बाजू आहे आणि ती आपल्या समाजात फार नाजूक आहे. या सभागृहात बसलेल्यांपैकी कित्येकांनी आपल्या कार्यालयात आपली जात सांगितलेली नाही. कोणी आडनाव बदलले आहे. ते भित्रे आहेत म्हणून नव्हे, तर येथेही जात पाहणारे लोक आहेत म्हणून. सिअ‍ॅटल नगरपरिषदेने फेब्रुवारी २०२३ मध्ये जातिभेदास बंदी करणारा कायदा केला; असे करणारे ते या देशातील पहिले शहर ठरले. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने संमत केलेले तशाच आशयाचे विधेयक गव्हर्नरांनी ऑक्टोबरमध्ये नामंजूर केले. म्हणजे प्रश्न आहे हे मान्य झाले, परंतु संरक्षण सर्वत्र नाही. अशा स्थितीत जयंतीच्या मिरवणुकीचे छायाचित्र एखाद्याने उत्साहाने फेसबुकवर घातले आणि त्यातील प्रत्येकाच्या नावाची खूण केली, तर कोणाच्या नोकरीवर, कोणाच्या मुलीच्या शाळेतील मैत्रीवर त्याचा परिणाम होईल हे सांगता येत नाही.

याही बाबतीत ग्रंथपालाकडून शिकावे. कोण काय वाचतो हे बाहेर सांगावयाचे नाही, हे व्रत अमेरिकन ग्रंथपालांनी १९३९ पासून आपल्या आचारसंहितेत लिहून ठेवले आहे. २००५ साली कनेटिकट राज्यातील चार ग्रंथपालांकडे केंद्रीय तपास यंत्रणेने वाचकाची माहिती मागितली आणि याविषयी कोठे बोलू नये असेही बजावले. त्या चौघांनी माहिती दिली नाही. ते न्यायालयात गेले, आणि पुढील वर्षी सरकारला माघार घ्यावी लागली. लोकांना सर्व काही मोकळेपणाने देणारा हा माणूस वाचकाचे नाव मात्र जिवापाड जपतो. आपलाही नियम असाच असावा. गेलेल्यांची नावे शोधून लिहावीत; हयात असलेल्यांची नावे त्यांना विचारूनच लिहावीत. इतिहासासाठी नाव हवे, परंतु माणसाच्या संमतीने हवे.

आता सत्यासत्याविषयी. फेब्रुवारी २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कोरोनाच्या साथीबरोबर खोट्या-खऱ्या माहितीचीही साथ पसरली असल्याचा इशारा दिला. त्या काळात आम्हांस दिवसा रुग्ण तपासावे लागत आणि रात्री नातेवाइकांनी पाठविलेले संदेश तपासावे लागत. काढ्यांपासून वाफेपर्यंत सारे काही त्यांत होते. त्यांतील सर्वच गोष्टी लबाडीच्या नव्हत्या. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या औषधाचे उदाहरण घ्या. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २८ मार्च २०२० रोजी त्यास आपत्कालीन परवानगी दिली आणि १५ जून २०२० रोजी ती काढून घेतली. मार्चचा संदेश जुलैत पुढे पाठविणारा मनुष्य खोटे बोलत नव्हता. त्याने तारीख पाहिली नव्हती, एवढेच. परंतु रुग्णाच्या शरीराला त्याचा हेतू कळत नाही.

म्हणून ग्रंथपाल कोणताही मजकूर हाती आला की तीन प्रश्न विचारतो. हे कोणी लिहिले? केव्हा लिहिले? प्रथम कोठे प्रसिद्ध झाले? हे तीन प्रश्न आपणांस नवे वाटावयाचे कारण नाही. केसपुत्त येथील कालामांना भगवंतांनी जो उपदेश केला त्याचा आशय हाच आहे. कोणी तरी सांगितले, परंपरेने आले, सांगणारा मोठा आहे, एवढ्यावरून काही मान्य करू नये. कालामांच्या गावात तेव्हा एकामागून एक उपदेशक येत असत. आपल्या हातातील यंत्रात आज एकामागून एक संदेश येत असतात.

हा नियम आपण बाबासाहेबांच्या नावाने फिरणाऱ्या वाक्यांनाही लावला पाहिजे, नव्हे, त्यांना सर्वांत आधी लावला पाहिजे. ज्यांनी आयुष्यभर प्रत्येक विधानास आधार दिला त्यांच्या तोंडी आपण निराधार वाक्य घालणे हा त्यांचा गौरव नव्हे. महाराष्ट्र शासनाने वसंत मून यांच्या संपादनाखाली १९७९ साली त्यांच्या लेखन-भाषणांचा पहिला खंड प्रसिद्ध केला. अठराव्या खंडाच्या तीन भागांत त्यांची मराठी भाषणे आहेत. भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर इंग्रजी खंड विनामूल्य मिळतात. खंड कोणता, पृष्ठ कोणते, हे विचारावयास आता अडचण कोणती? आपल्या सर्वांच्या मुखी असलेल्या त्रिसूत्रीचेच पाहा. जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या परिषदेत बाबासाहेबांनी जो इंग्रजी संदेश दिला त्यातील तीन पदांचा क्रम आणि आपल्या फलकांवरील मराठी क्रम यांत फरक आहे. शिक्षण दोन्हीकडे पहिले. पुढील दोहोंची अदलाबदल झालेली आहे. आपल्या येथे वाढलेली मुले इंग्रजी मजकूर वाचतात आणि आपल्याला विचारतात, ‘बाबा, बरोबर कोणते?’ तेव्हा त्यांच्यावर रागावू नये. त्यांना घेऊन मूळ भाषण उघडावे आणि चळवळ करणे व संघटना बांधणे यांत आधी काय यावे, यावर त्यांच्याशी चर्चा करावी. बाबासाहेबांच्या विचारांत मूल असेच शिरते.

हे सर्व ऐकून काही वडीलधारी मंडळी म्हणतील, डॉक्टर, हे तरुणांचे काम. आमचे म्हणणे नेमके उलट आहे. तरुणांना बटणे ठाऊक आहेत. छायाचित्रातील माणसे ठाऊक नाहीत. वडिलांना माणसे ठाऊक आहेत. बटणे ठाऊक नाहीत. शार्लटच्या ग्रंथालयात जसे शेजारच्या मेजावर विचारीत, तसे नातवाने आजोबांना आणि आजोबांनी नातवाला विचारावे. यातून मुलांची मराठीही टिकेल, हा आनुषंगिक लाभ.

प्रत्यक्ष काय करावे, ते थोडक्यात सांगून आम्ही आपली रजा घेतो. शार्लटच्या ग्रंथपालांना तेवीस गोष्टी होत्या. आपण पुढील जयंतीपर्यंत चारच कराव्यात.

एक. प्रत्येक घराने आपल्याजवळील मराठी व आंबेडकरी ग्रंथांची यादी करावी. ‘लायब्ररीथिंग’वर पूर्वी दोनशे पुस्तकेच विनामूल्य नोंदविता येत; २०२० पासून ती मर्यादा राहिलेली नाही. कोणाकडे कोणते पुस्तक आहे हे कळले तर वेगळी इमारत न बांधताही आपले एक वाचनालय उभे राहील.

दोन. प्रत्येक घराने पाच जुनी छायाचित्रे निवडावीत आणि त्यांतील माणसे, गाव, वर्ष घरातील ज्येष्ठांना विचारून लिहून काढावे. ज्येष्ठांचा आवाजही मुद्रित करून ठेवावा. हयात व्यक्तींच्या बाबतीत मघाचा संमतीचा नियम पाळावा.

तीन. आपल्या या स्मरणिकांचे जुने अंक कोणाच्या तळघरात, कोणाच्या गॅरेजात पडून आहेत. ते गोळा करून त्यांच्या संगणकीय प्रती कराव्यात. एक प्रत संस्थेकडे, एक सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘इंटरनेट आर्काइव्ह’सारख्या सार्वजनिक संग्रहात, एक भारतातील एखाद्या ग्रंथालयात, आणि कागदी प्रत तर हवीच. सार्वजनिक संग्रहात देण्यापूर्वी सभासदांचे पत्ते आणि दूरध्वनी क्रमांक मात्र झाकावेत.

चार. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. जानेवारी २०१६ मध्ये विकिपीडियाच्या पंधराव्या वर्धापनदिनी जगातील ग्रंथपालांना एक आवाहन करण्यात आले की, प्रत्येकाने एका लेखात एक संदर्भ घालावा. आपण ते आवाहन आपल्या घरांना करू. आपल्या चळवळीतील एखाद्या व्यक्तीवरील, एखाद्या लढ्यावरील लेखात प्रत्येक घराने खंड आणि पृष्ठासह एक संदर्भ घालावा. वादविवादात रात्री घालविण्यापेक्षा हा एक संदर्भ अधिक काळ टिकेल.

मित्रहो, इंग्लंडमधील आंबेडकरी आणि बौद्ध संघटनांनी कोलंबिया विद्यापीठास बाबासाहेबांचा अर्धपुतळा भेट दिला. तो आज त्या विद्यापीठाच्या लेहमन ग्रंथालयात आहे. परदेशी राहणाऱ्या आपल्याच बांधवांनी केलेले हे कार्य आणि त्यास लाभलेली ही जागा, दोन्ही आम्हांस अर्थपूर्ण वाटतात. जेथे मुले वाचीत बसतात तेथेच बाबासाहेब असावेत.

शेवटी एक प्राचीन दाखला. भगवंतांचे वचन कित्येक शतके भाणक भिक्खूंच्या मुखी होते. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात सिंहलद्वीपावर दुष्काळ आणि युद्ध ओढवले, पाठ करणारे भिक्खू मरण पावू लागले, तेव्हा राहिलेल्यांनी एकत्र येऊन अलुविहार येथे त्रिपिटक ताडपत्रांवर लिहून काढले. लेखन हे त्या कामी त्यांचे नवे साधन होते. मुखपाठाचा थोर अभिमान बाळगणाऱ्या त्या वृद्ध स्थविरांनी ते हाती घेतले, कारण साधनाच्या अभिमानापेक्षा वचन त्यांना मोठे होते. त्यांनी तसे केले नसते तर १९५६ साली आपल्यापर्यंत काय पोहोचले असते, याचा विचार करावा. आणि आपल्या आजी-आजोबांनी जे भोगले व जे मिळविले ते आपल्या नातवंडांपर्यंत कोण पोहोचविणार, याचाही विचार करावा. आता हे काम आपले आहे.



नमो बुद्धाय! जय भीम!